हात कापायचा तो दारूनं नव्हे

बाबा, तुम्ही दारू पीत नव्हतात. तुम्हांला हे सांगायची गरज नाही. पण चारचौघांत मोठ्यानं म्हणायला मला साठी ओलांडावी लागली.

हर्णेच्या वाळूवर संध्याकाळचा लिलाव तुम्ही पुकारायचात. होड्यांतून टोपल्या उतरतात, मासळीचे वाटे लागतात, आणि सगळ्या गलक्याच्या वर तुमचा आवाज निघतो. शाळेत मी भाषण पुटपुटलो तेव्हा तुम्ही दटावलंत, "लांबच्या होडीला ऐकू जात नसेल तर तोंड उघडू नको." त्या शिदोरीवर मी जन्मभर सभा गाजवल्या. मग तुमचा उजवा हात थरथर कापायला लागला. एक व्यापारी ओरडला, "तात्या, लिलावाआधीच टाकलीत काय?" तुम्ही म्हणालात, "टाकली असती तर ही सुरमय तुला फुकट नसती का दिली?" सगळा किनारा हसला. घरी मात्र तुम्ही चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायचात. पुढं आवाजही खोल गेला आणि लिलाव दुसऱ्याकडे गेला.

आता मलाही कंपवात आहे. गोळीनं हात थांबतो, आवाजही टिकतो. ही गोळी मेंदूतल्या रसायनाचं नेमकं काय करते, हे चित्रात पाहण्यासाठी मुंबईत संशोधन चालू आहे; त्यात मी नाव दिलं. आदल्या रात्रीपासून गोळी बंद. सकाळी तिथं स्वतःचं नावही धड उच्चारता येईना. वाटलं, उठावं आणि घरची, रत्नागिरीची गाडी धरावी. तेवढ्यात मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्रावरचा माणूस माझ्या हाताकडे बघत हळूच म्हणाला, "काका, काल थोडी घेतली होती का?" मी बसून राहिलो. आता तर चित्र निघायलाच हवं होतं!

यंत्रात मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाषण नंतर हं काका. मान हलली की चित्र पुसट येतं." शिरेत चित्रात चमकणारं, किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचलं. एक चित्र गोळीआधी काढलं, एक गोळीनंतर. दुसऱ्या चित्रात मेंदूच्या खोल भागातली चमक उतरलेली दिसली. तुमच्या भाषेत सांगतो. गोळीमुळे डोपामिन नावाचं ते रसायन वाढलं, त्यानं आपल्या जागा धरल्या, आणि टोचलेल्या द्रव्याला उभं राहायला जागा उरली नाही. गावचं गिऱ्हाईक टोपल्यांभोवती दाटलं की बाहेरचा व्यापारी मागं राहतो, तसं. माझ्या मेंदूत लिलाव पुन्हा उभा राहिला होता, बाबा.

तुमचं चित्र कुणी काढलं नाही. म्हणून तुम्हांलाही हेच होतं, असं मी पैजेवर सांगणार नाही. पण दारू नव्हती, हे सांगणारच. मागच्या आठवड्यात ते चित्र मोठं छापून हर्णेला गेलो आणि लिलावाआधी त्याच वाळूवर उभा राहिलो. म्हणालो, "हा माझा मेंदू. माझ्या बापाचाही हात असाच कापायचा, आणि तो कधी प्यायला नाही. घरात कुणाचा हात कापत असेल तर बाटली शोधू नका, डॉक्टर शोधा." एक म्हातारी कोळीण म्हणाली, "ह्यो तात्याचा पोर ना रे? आवाज कुठं गेला ह्याचा?" आणि मागं वळून तीच ओरडली, "गप बसा रे, ऐकू द्या!" बाबा, माझा आवाज पोचत नव्हता तिथली माणसं चालत पुढं आली.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, डॉक्टरीणबाईंना तर नाहीच. हर्णेला त्या दिवशी गोळीची वेळ होऊन गेली होती आणि गोळी खिशात होती. मी मुद्दाम घेतली नाही. लोकांना कापणारा हात दिसायला हवा होता.