विहिरीच्या वहीतलं दुसरं अक्षर

तीर्थरूप बाबा,

विहिरीच्या पाण्यावरचा माझा लेख छापायला घेतला, त्याचा पहिला नमस्कार तुम्हाला.

माझी तब्येत उत्तम आहे आणि जेवण वेळेवर होतं. ही दोन वाक्यं आईला मोठ्याने वाचून दाखवा.

लेख स्वीकारला की सुटले, असं वाटलं होतं. पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! संपादकबाईंनी सतरा दुरुस्त्या पाठवल्या. तुम्ही रोज सकाळी गाठींचा दोर सोडून विहिरीचं पाणी मोजता आणि ज्या वहीत लिहिता, त्या वहीचे फोटो धूसर आहेत म्हणाल्या. म्हणून दादाकडून नवे मागवले आणि एकेक पान मोठं करून पाहिलं.

मागच्या ऑगस्टमधले एकवीस दिवस तुमच्या अक्षरात नाहीत. आईचा गरगरीत आठ मी कुठेही ओळखेन. तेव्हा फोनवर ती रोज म्हणायची, "सगळं ठीक आहे गं, बाबा विहिरीवर गेलेत."

काय झालं होतं, बाबा? आता खरंच बरे आहात ना? पाण्याचा एक आकडा खोटा लिहिला नाहीत, आणि पोटच्या पोरीला बिनदिक्कत थाप मारलीत!

मोजणी कोणी केली, हे लेखात लिहावं लागतं. मी दोघांची नावं दिली आहेत, आईच्या नावापुढे ते एकवीस दिवससुद्धा. आता ते छापूनच येणार. सोबतच्या संमतीपत्रावर दोघांनी सही करून पाठवा.

रविवारी सकाळी फोन करते. तेव्हा विहिरीवर जाऊ नका.

तुमची,
दोराच्या गाठी मोजत अंक शिकलेली लेक