खाटेच्या जागी खांब

लालबाग, मुंबई १२
दि. ३ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप दादा यांस,
धाकट्या जगदीशचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर धाडलेला निरोप आधी घरातली, चुलतभाऊ रघूची सून वाचते व मग सारे अंगण वाचते, ही तुमची तक्रार मान्य आहे. यापुढेही पत्रानेच कळवत जाईन. मलाही ते सोयीचे आहे. लिहिताना खोडता येते.

आपल्या खोलीतले वर्कशॉप चालू आहे. मात्र तुम्ही गावी गेल्यापासून मी वाइंडिंगच्या तारा भरायला लहान मोटरीच घेतो. इमारतीच्या पंपाची मोठी मोटर आली की ती दोराने बांबूला बांधून, तुम्ही पुढे आणि मी मागे, अशी आपण टेबलापर्यंत नेत असू. डॉक्टरांनी कमरेमुळे वजन उचलायला तुम्हाला मनाई केली आणि दिवाळी होताच तुम्ही ट्रंक घेऊन कसालला गेलात. शेजारची मुले हाक मारल्यावर येतात, नाही असे नाही. परंतु येताना घड्याळ बघत येतात.

म्हणून विजेवर चालणारा होइस्ट घेतला आहे. बटण दाबले की हूक मोटर उचलतो आणि वरच्या सरकत्या गाड्यामुळे ती दारापासून टेबलापर्यंत नेता येते. तो छताच्या जुन्या सागवानी तुळईला टांगावा असा माझा विचार होता. वरच्या मजल्यावरच्या राधाबाईंची नात नूपुर आता इमारतींच्या मजबुतीचे काम पाहते, तिला दाखवले. तिने तुळई ठोकून पाहिली आणि तिच्यावर कोणाचे स्वयंपाकघर येते असे विचारले. तिच्याच आजीचे, असे मी म्हटल्यावर म्हणाली की मग तर मुळीच नाही. तेव्हा छताला हात न लावता, दोन लोखंडी खांबांवर स्वतंत्र गर्डर टाकून होइस्ट त्याला बसवला. एक खांब दाराशी आहे. दुसऱ्याला एकच जागा होती, तुमच्या खाटेचा कोपरा. खाट सुटी करून, नीट बांधून पोटमाळ्यावर ठेवली आहे.

आता मोठ्या कामालाही एक माणूस पुरेल. प्रकृतीस जपावे. पत्राची वाट पाहतो.

आपला आज्ञाधारक,
जगदीश


मु. पो. कसाल, जि. सिंधुदुर्ग
१४ फेब्रुवारी २०२४

चि. जगदीश यास गुणाजीचे अनेक उ. आ.

पत्र पावले. तुझे पत्र म्हणजे ऑफिसचा कागद. वाचून झाल्यावर खाली सही करून परत पाठवायचा की काय, असे वाटते.

यंत्र आणलेस, बरे केलेस. माझ्याशिवाय अडून बसावे असे काही नाही. मी इथे सुपारीच्या झाडांना पाणी घालतो आणि रघूच्या म्हशीशी गप्पा मारतो. घरात सगळी माझ्या कानाशी येऊन ओरडतात, तेवढी ती ओरडत नाही.

शिमगा झाला की महिनाभर तिकडे येऊन बघावे असे मनात होते. लहानसहान काम बसून केले असते. आता नाही येत. खाट पोटमाळ्यावर ठेवलीस ती कोणासाठी, उंदरांसाठी? राधाबाईंना देऊन टाक, त्यांच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो. तुझी अंबिका वहिनी होती तेव्हा घेतलेली खाट, पण माणूस गेल्यावर लाकूड सांभाळून काय करायचे? माझी गोधडी तेवढी कोणी गावाकडे येणारा असेल त्याच्याबरोबर धाड. पहाटे इथे गार असते.

तू वेळेवर जेव. एकटा माणूस पातेल्यातच जेवतो, मला ठाऊक आहे. ताटात वाढून घे, मेल्या.

तुझे बरे चिंतणारा,
गुणाजी


लालबाग, मुंबई १२
दि. २५ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र राधाबाईंना वाचून दाखवले. त्यांनी मला जिन्यातच उभे करून सुनावले. म्हणाल्या, माणूस गावी गेला असताना त्याची खाट काढतात का, बी. कॉम. झालास तेव्हा आईने पेढे वाटले ते फुकट गेले. खाट त्यांनी घेतली नाही. गोधडीही मी पाठवलेली नाही, आणि पाठवणार नाही.

मागच्या पत्राची प्रत मी काढून पाहिली. तीत यंत्र आहे, गर्डर आहे, खांब आहेत. ते कशासाठी, हे कोठेच नाही. ते आता लिहितो. वजन उचलायचेच नसेल तर डॉक्टरांची हरकत उरत नाही. तुम्ही परत येऊन तुमच्या स्टुलावर बसावे, तारा भराव्यात आणि मला नावे ठेवावीत, एवढ्यासाठी होइस्ट बसवला. झोपण्याची व्यवस्था ठरवली आहे. माझी खाट तुमची, मी खाली गादी घालीन. तुम्ही आल्यावरच सांगू म्हणून लिहिले नव्हते. ते चुकले.

नूपुरच्या सांगण्यावरून पहिल्या कामाआधी नेहमीपेक्षा जास्त वजन टांगून पाहिले. पाण्याचे पिंप घेतले, कारण पाण्याचा हिशेब सोपा. जितके लीटर तितके किलो. चाळीतली माणसे दारात गोळा झाली. पिंप वर गेले, थेंबही सांडला नाही, पोरांनी टाळ्या वाजवल्या. परंतु ते काही वेळ तसेच टांगलेले ठेवायचे होते. टांगलेल्या पिंपाकडे कोणी किती वेळ बघणार? एकेक जण निघून गेला. मग खोलीत मी होतो आणि ते पिंप. पाणी इतके स्थिर होते की त्यात ट्यूबलाइट दिसत होती.

तुम्ही असता तर त्या पिंपाचीही थट्टा केली असती. शिमग्यानंतरचा बेत कायम ठेवावा, अशी विनवणी आहे.

आपला,
जगदीश


मु. पो. कसाल
८ मार्च २०२४

चि. जगदीश यास अनेक उ. आ.

तुझे पत्र घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसलो. रघूने विचारले, काय वाईट खबर आहे काय. मी म्हटले, नाही, भाऊ मला परत बोलावतो. तो म्हणाला, मग डोळे का पुसतोस. त्याला म्हशीकडे पाठवून दिले.

तू खरे लिहिलेस, तर मीही लिहितो. कमरेचे निमित्त झाले. कंबर दुखते, पण तेवढ्याने मी तिथून उठलो नसतो.

मोटर चालू करायची, बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि आत खरखर आहे का ते ऐकायचे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून मला ती खरखर ऐकू येईना. तरी मी मान डोलवून मोटर पास करीत होतो. कानातले यंत्र लावून पाहिले, तर सगळे लालबाग कानात शिरले आणि खरखर तेवढी बाहेर राहिली. गणपतीच्या आधी कोपऱ्यावरच्या इमारतीची मोटर दिली, तेव्हा ती चार दिवसांत परत येणार अशी मला धास्ती होती. आली नाही, नशीब म्हटले. पण नशिबावर धंदा होत नाही. एक दिवस माझ्यामुळे एखाद्या इमारतीचे पाणी बंद पडले असते आणि लोक तुझ्या दारात येऊन ओरडले असते.

तुला सांगायला तोंड उघडत नव्हते. डॉक्टर कमरेबद्दल बोलला, मला बरे झाले. तुझे यंत्र वजन उचलेल, बाबा. कान कुठून आणशील? कामाला उपयोग नसलेला माणूस त्या खोलीत बसून काय करील? उगाच जागा अडवील.

रागावू नकोस. इकडे काजूला मोहोर चांगला आहे.

तुझा,
दादा


लालबाग, मुंबई १२
दि. १८ मार्च २०२४

तीर्थस्वरूप दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

कोपऱ्यावरच्या इमारतीची मोटर परत आली नाही, कारण तिचे बेअरिंग मी बदलले होते. तुम्ही चहाला बाहेर पडलात की तुम्ही पास केलेली प्रत्येक मोटर मी पुन्हा ऐकत असे. तुम्ही परत यायच्या आत स्क्रूड्रायव्हर होता तसा ठेवीत असे. तुम्हाला कळू नये याची इतकी काळजी घेतली की माझे मलाच कौतुक वाटे. कळू दिले असते तर तुम्ही मला चार शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस अबोला धरला असता, आणि तिसऱ्या दिवशी तारा भरायला बसला असता. वाइंडिंगला कान लागत नाहीत. तुमच्यासारखी तार बसवणे मला अजून जमत नाही, आणि कदाचित जमणारही नाही. परंतु तो मुद्दा मी पुढे करणार नाही.

परवा पहिली मोठी मोटर आली. टेम्पोवाल्याने दारात ठेवली. मी हूक लावला, बटण दाबले, मोटर उंबरठ्यावरून अलगद टेबलावर गेली. पूर्वी याच कामाला तुमचा केवढा आरडाओरडा चाले. डावीकडे घे, पाय सांभाळ, झोपलास का. वरून राधाबाई विचारीत की खाली कोणाचे भांडण लागले. परवा त्यांनी काहीच विचारले नाही. मोटर आली हे त्यांना कळलेच नव्हते. बटण सोडले. काम झाले, हे सांगायला वर जाऊन आलो. त्या पूजेत होत्या.

यंत्राविषयी तक्रार नाही. मोटर उचलायला माझे हात पुरतात, ऐकायला माझे कान पुरतात, आणि ज्या मोटरीचे वाइंडिंग मला जमत नाही ती मी घेत नाही. तुमच्यावाचून काम अडत नाही, हे तुम्ही म्हणता ते खरे आहे. तुम्हाला बोलवायला कामाचे एकही कारण माझ्याकडे उरलेले नाही, हे वाक्य खोडावेसे वाटले. खोडले मात्र नाही.

तरी बोलावतो आहे. जागा अडवायला या.

तुमचा लोभ आहे, हे जाणतो. तो येथे राहून करावा, ही विनंती.

तुमचा,
जगदीश