मौलालीच्या डिफ्रन्शलची ऊंऊं

३१ जानेवारी, शनिवार

जीप गॅरेजमधून घरी आली. मौलालीनं डिफ्रन्शलचं सील बदललं, ऑईल नवीन भरलं. डिफ्रन्शल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, इंजिनची ताकद तिथून चाकांना जाते. हेच मी त्याला नीट समजावून सांगत होतो. तर चार गिऱ्हाईकांसमोर म्हणतो कसा, "सर, ह्यातलं तुमास्नी काय कळत न्हाय. हात तेवढा लावू नका."

मला! चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी कसबा बावड्यात. ह्याच मौलालीला सातवीत घर्षणाच्या धड्याला वर्गाबाहेर उभा केला होता. तो राग बेट्यानं तीस वर्षं पोटात ठेवला आणि आज काढला.

बघून घेतो.

१ फेब्रुवारी, रविवार

जोतिबाला जाऊन आलो. गाडीचं काम झालं की देवाचा गुलाल लावायचा, ही आमच्या घरची रीत. बॉनेटला लावला, स्टिअरिंगला लावला. आमची सौ. संयोगिता म्हणाली, झालं, चला आता. मी म्हटलं, काम बॉनेटचं झालंय का? गुलालाचा मान कुणाचा?

पाना घेऊन पार्किंगमध्येच जीपखाली शिरलो. हात लावू नका म्हणाला ना, मग लावणारच. गोळ्याला दोन बोल्ट आहेत. आधी खालचा खोलला, तो नको होता. थोडं ऑईल सांडलं. लगेच बंद केला. (खाली परातीएवढा डाग होता, तो आधीच्या गाडीचा असणार.) मग वरचा खोलला, आत मूठभर गुलाल सोडला, चांगभलं म्हटलं, बोल्ट आवळला. एकदम शास्त्रशुद्ध काम.

शर्टाचा सत्यानाश. घर येईपर्यंत संयोगिता बोलली नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सापडला! मागून आवाज येतोय. ऊंऊंऊं. चाळीसला सुरू होतो, साठला बोंब ठोकतो. तीन दिवसांत मौलालीचं काम उघडं पडलं. आनंदानं दोनदा पुलापर्यंत जाऊन आलो.

योगही बघा. तेरा तारखेला आमच्या दूध संस्थेची मीटिंग आहे. पाच टेम्पोंच्या देखभालीचं वर्षाचं काम कुणाला द्यायचं ते ठरायचंय. मौलालीचं नाव पक्कं धरलंय सगळ्यांनी. आणि तज्ज्ञ संचालक कोण? मी.

नाव खोडलं नाही तर मिशा काढीन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शास्त्रीय तपासणी. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो, सोडला की उतरतो. म्हणजे टायर नाही, डिफ्रन्शलच. तरी पुरावा पक्का हवा म्हणून संयोगिताला जीपच्या मागच्या पत्र्यावर बसवलं, स्टीलचा पेला उलटा ठेवून कान लावायला सांगितलं. कोडोलीच्या रस्त्याला साठनं गाडी सोडली. ओरडून विचारलं, काय ऐकू येतंय? म्हणाली, तुमचाच आवाज येतोय सारखा.

बाईमाणसाला कंपनांचं ज्ञान नाही.

येताना टपरीवर चहा घेतला नाही. टपरी मौलालीच्या गॅरेजशेजारी आहे. नाव खोडल्याशिवाय तिथला चहा हराम.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

थर्मास देऊन संयोगिताला टपरीवर पाठवलं. चहाचा आणि मौलालीचा संबंध जोडणं अशास्त्रीय आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून संस्थेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे आहे मौलाली मिस्त्रींचे कौशल्य!" संस्थेतल्या विश्वजितनं विचारलं, सर, वहिनींचा मिक्सर बिघडलाय काय? अकरा जण हसले. अकराही नावं लिहून ठेवली आहेत.

चेअरमन पिराजीअण्णांचा फोन. म्हणाले, सर, गरीब माणूस हाय, जरा सबुरीनं घ्या. त्याची पोरगी शिफा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून आलीया, हे काम मिळालं तर बापासंगट गॅरेजला ऱ्हाईल, न्हाईतर पुण्याला चाललीया नोकरीला. मी म्हटलं, पुण्याची हवा चांगली आहे.

फोन ठेवल्यावर जरा कसंतरी झालं. ॲसिडिटी.

९ फेब्रुवारी, सोमवार

मौलाली घरी आला! दारातच उभा. म्हणाला, "सर, आवाज ऐकला ग्रुपवरचा. ऑईल कमी झाल्यागत वाटतंय. गाडी चालवू नका, मी हितंच बघतो, धा मिन्टं लागत्यात." कसा घाबरलाय बघा! पुरावा नष्ट करायला आला होता. मी म्हटलं, तेरा तारखेला बघ, सगळ्यांसमोर. बिचारा मान हलवून गेला. संयोगितानं त्याला चहा विचारला. त्याच थर्मासमधला. हिला शत्रू कळत नाही.

आवाज आता तीसलाच सुरू होतो. छान.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तयारी पूर्ण. उद्या संस्थेच्या आवारात मौलालीच्याच हातानं डिफ्रन्शलमधलं ऑईल काढायला लावणार. आत लोखंडाचा कीस दिसणार. काळ्या डब्यात दिसला नाही म्हणतील, म्हणून आईची पांढरी एनॅमलची परात घेतली. संयोगिता म्हणाली, परात कशाला? मी म्हटलं, कणभरसुद्धा लपता कामा नये.

भाषण आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा टाळ्या ऐकू आल्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ ६

लिहू नये असं वाटतंय. पण डायरीत खरं तेच लिहायचं, हा नियम म्हणजे नियम.

सगळे जमले होते. मी भाषण केलं. मौलाली जीपखाली गेला. त्यानं आधी वरचा बोल्ट खोलला. (पातळी आधी वरनं बघतात म्हणे.) आत बोट घातलं, बाहेर काढलं. बोटाकडं बघितलं. मग खालूनच माझ्याकडं बघितलं. हळूच बोट फडक्याला पुसलं आणि म्हणाला, "सर, परात नको. घाण हुईल. डबा द्या."

मी म्हटलं, परातच!

तर तो तिथूनच ओरडला, "अण्णा, सील माझ्याकडनंच वाकडं बसलंय. चूक माझी हाय. ऱ्हाऊ दे, गाडी गॅरेजला न्हेतो."

जिंकलो! पिराजीअण्णांचा चेहरा पडला. म्हणाले, मग नाव खोडायचं म्हणता? इथं गप्प बसलो असतो तर सगळं झालं होतं. पण नुसत्या कबुलीनं माझं पोट भरेना. तीस वर्षांचा डाव होता. मी पायानं परात खाली सरकवली आणि म्हटलं, तोंडानं नको, ऑईल पडू दे, लोकांना दिसू दे.

पडलं. वाटीभरच. गुलाबी.

पांढऱ्या परातीत इतकं गुलाबी दिसलं की माझाच शर्ट आठवला. पिराजीअण्णांनी वाकून बोट बुडवलं, वास घेतला आणि हात वर करून ओरडले, "जोतिबाच्या नावानं..." अख्खं आवार ओरडलं, "चांगभलं!"

मौलाली तेवढा हसला नाही. तो म्हणत होता, सीलचा रंग सुटतो कधीकधी. कुणीच ऐकत नव्हतं. मीही म्हणू शकलो असतो, सीलचा रंग. तोंड उघडलं आणि म्हटलं, गुलाल मी घातला. ऑईल पण मीच सांडलं.

मग मीटिंग. अण्णा म्हणाले, सर, तुमची गाडी हाय, तुमी जरा भायेर थांबा. दाराबाहेर उभा राहिलो. काम मौलालीला, एकमतानं. कागदावर तज्ज्ञ संचालकाची सही लागते म्हणून आत बोलावलं. केली.

१५ फेब्रुवारी, रविवार

मौलालीनं डिफ्रन्शल धुऊन ऑईल भरून दिलं. बेअरिंग वाचलं, आणखी दोन दिवस चालवली असती तर जाम झालं असतं म्हणाला. ग्रुपवर मी माफी टाकली. अकरा जण हसले, तेच अकरा. शिफा पुण्याला जाणार नाही.

मिशा काढल्या. संयोगिता म्हणाली, बरं झालं, त्यात गुलाल राहिला होता.

टपरीवर मौलालीबरोबर चहा घेतला. त्याला सरळ विचारलं, सातवीत तुला बाहेर कशाला उभा केला होता रे? तो म्हणाला, ऱ्हाऊ दे सर. मी सोडेना. मग म्हणाला, तुमी फळ्यावर लिवलासा, तेलानं घर्षण वाढतं. मी हात वर करून म्हणालो, सर, कमी हुतंय. मधल्या सुट्टीपर्यंत उभा हुतो.

बाकीच्या बेचाळीस पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं.