इंजिनाची आंघोळ

उस्ताद,

आधीच सांगून टाकतो, हे पत्र तुमची खुशाली विचारायला लिहिलेलं नाही. तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली. गेवराईच्या हमरस्त्यावरचं तुमच्या गॅरेजचं पत्र्याचं शेड आता विकायला काढलंय. परवा तुमच्या घरून काकीनं मला निरोप धाडून बोलावून घेतलं आणि तिथून आल्यापासून माझं डोकं जे तापलंय ते उतरायचं नाव घेत नाही. सकाळी बायको म्हणाली, "मेलेल्या माणसावर कुणी चिडतं का?" मी म्हणालो, जिवंत होते तेव्हा चिडायचं राहून गेलं ना, म्हणून.

चकलांब्याहून तुमच्याकडं आलो तेव्हा मला सायकलची चेन बसवता येत होती, बाकी शून्य. गाडी चालवणं आणि गाडी ऐकणं, दोन्ही तुम्ही शिकवलंत. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "ऐक बे, तिसरा दमलाय," असं तुम्ही म्हणालात की तिसऱ्या सिलिंडरमध्येच खोट निघायची. दुपारी काकीच्या चुलीपुढं बसलो की भाकरी मोडून मोठा तुकडा माझ्या ताटात टाकायचात आणि "खा, पान्याला जोर लागतो" असं म्हणायचात. डॉक्टरीणबाईंकडं ड्रायव्हर म्हणून तुम्हीच मला चिकटवलंत. "पोरगं माझ्या हातचं हाय, डोळे झाकून चावी द्या," हे तुमचे शब्द. हे सगळं आठवतं म्हणूनच राग जात नाही. परक्या माणसानं केलं असतं तर चार शिव्या हासडून मी केव्हाच मोकळा झालो असतो.

तो काळच असा होता की दर दोन-चार महिन्यांनी रस्त्यावर एखादी नवीच गाडी दिसायची. बाईंनीही जुनी गाडी काढली आणि कार्बोरेटर नसलेली, कंप्युटरवर चालणारी घेतली. पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा तुम्ही कितीतरी वेळ नुसते बघत उभे होता, कुणाच्या तरी घरात चुकून शिरल्यासारखे. बॅटरीच्या शेजारी वहीएवढा चपटा डबा आणि त्यात शिरलेला वायरींचा जुडगा. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची हे सगळं तो डबा ठरवतो, त्याला ईसीएम म्हणतात, असं शोरूमवाल्यानं मला सांगितलं होतं. इथं पाणी मारू नका, अशी चिठ्ठीही आत चिकटवलेली होती. मी ती तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही म्हणालात, "डबाच गाडी चालवतो, तर मग तू कावून बसतो बे आत?" सगळं गॅरेज हसलं. मीही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

मग खंडेनवमी आली. तुमच्या दारात गाड्यांची रांग लागलेली, झेंडूच्या माळांचा ढीग पडलेला, पाण्याची मोटर चालू. गावातली कुठलीही गाडी त्या दिवशी तुमच्या हातून इंजिन धुवून घेतल्याशिवाय दसऱ्याला निघत नसे, हा तुमचा मान होता. आधी रॉकेलचा हात, मग पाण्याचा फवारा, मग हळदकुंकू. मी बाईंची गाडी आणतो आणि आल्याआल्या सांगतो, "उस्ताद, हिला वरूनच धुवा, आत नको." तुम्ही पाईप हातात घेऊन माझ्याकडं बघता. "वर्षाचा सण हाय. इंजनाला आंघोळ न्हाई तं दसरा कसला? तू काय मला शिकवितो?" मी डब्यावर माझा रुमाल टाकतो, तुम्ही तो दोन बोटांनी उचलून माझ्या खांद्यावर ठेवता. मग वायरींचा जुडगा डब्याला जोडणारी पिन ओढून काढता, "आतून बी साफ करू त्याला, लाडकं हाय ते" म्हणता, पेट्रोलनं पुसता, परत खोचता. खोचताना जो खट्ट आवाज व्हायला हवा तो होत नाही. पेचकसानं तिसरा सिलिंडर ऐकणाऱ्या तुमच्या कानाला तो न झालेला आवाज कळला नाही. आणि मग फवारा.

दिवाळीच्या तोंडावर गाडी धक्के द्यायला लागली. तुम्ही प्लग बदललेत, फिल्टर बदललात, पेट्रोलपंपवाल्याच्या खानदानाचा उद्धार केलात. मी डब्याचं नाव काढलं की तुम्ही दुसऱ्याच गाडीखाली शिरायचात. शेवटी माजलगावच्या रस्त्यावर भर उन्हात ती जी बंद पडली ती पडलीच. बाई एका अडलेल्या बाळंतिणीकडं निघाल्या होत्या. उसाच्या ट्रकला हात करून, क्लीनरच्या शेजारी बसून त्या गेल्या. बाळंतीण सुटली, दोघं जीव वाचले. पण ट्रकमध्ये चढताना बाईंनी माझ्याकडं जे बघितलं ते मला आजही बघवत नाही.

औरंगाबादहून कंपनीचा मेकॅनिक आला, बाईंच्या दवाखान्याच्या अंगणात. तुम्हीही आलात, बघायला. त्यानं आधी बॅटरीची वायर सोडली, मग डब्याची पिन काढली आणि बाईंना जवळ बोलावलं. आत हिरवी बुरशी चढलेली. "पाणी गेलंय, मॅडम. पिन नीट बसवलेली नव्हती. हा डबा आता गेला." त्यानं जुना डबा पायरीवर टाकला, नवा काढला, नंबर जुळवला, बोल्ट आवळले, पिन बसवली. खट्ट. तुम्हीही ऐकलंत तो आवाज. चावी लावून तो जरा थांबला, मग स्टार्टर मारला आणि गाडी अशी सुरू झाली जशी कधी बिघडलीच नव्हती. तेव्हा बाईंनी विचारलं, "इंजिनावर पाणी कुणी मारलं?"

उस्ताद, मी गप्प राहिलो तो भिऊन नाही. मी म्हणालो असतो तर ती ड्रायव्हरची सबब झाली असती. तुमच्या तोंडून आलं असतं तर बाई "बरं, पुढं जपा" म्हणून चहा पाजून मोकळ्या झाल्या असत्या. तुमचं काय जाणार होतं? म्हणून मी तुमच्याकडं बघत राहिलो. तुम्ही त्या मेकॅनिकच्या पांढऱ्या शर्टाकडं बघितलंत, जमलेल्या माणसांकडं बघितलंत आणि म्हणालात, "ड्रायव्हर लोकं कुटं बी धुतेत गाड्या. नदीवर नेली असंल. म्या तं नुस्ता हार घातलाय."

नुसता हार!

मी म्हणालो, "उस्ताद?" एवढंच. तुम्ही खाली वाकून चप्पल नीट करायला लागलात. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चावी टेबलावर ठेव."

त्यानंतर गेवराईत मला कुणी गाडी दिली नाही. चहाच्या टपरीवर गेलो की एखादा तरी विचारायचाच, "काय बे, आज कुणाला आंघोळ घातली?" आणि तुम्ही पलीकडच्या बाकावर बसून बशीत फुंकर मारायचात. तिथंच एकदा पैसे देऊन उठताना मला म्हणालात, "जेवलास का?" जेवलास का! एवढं मोठं गिळून बसलो होतो मी, आणखी काय जेवणार होतो? त्यानंतर एकाही दसऱ्याला आपट्याचं सोनं द्यायला मी तुमच्या दारात आलो नाही. माजलगावला गेलो, कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवला आणि निव्वळ रागापोटी ते डबे शिकलो, भंगारातून आणून, उघडून, जाळून, पुन्हा आणून. आज तिथंच ते दुरुस्त करायचं माझं दुकान आहे, पोट त्यावरच चालतं. त्याबद्दल तुमचे आभार मानावेत असं कुणी सांगितलं तर त्यालाही मी दुकानाबाहेर काढीन. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा हातातलं काम खाली ठेवलं नाही.

आता काकीचं सांगतो. फार थकली आहे, डोळ्यांना धड दिसत नाही. शेडच्या फळीवरून तिनं लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "हे घेऊन जाय लेकरा. दर खंडेनवमीला पान्यांसंगं ह्याची बी पूजा करायचे. एकदा इचारलं हे काय हाय, तं म्हणले, 'पोराचं हाय, ऱ्हाऊ दे.'"

फडकं सोडलं. तोच डबा. दवाखान्याच्या पायरीवरून तुम्ही तो कधी उचललात, कुणास ठाऊक. त्यावर कुंकवाचा थर बसलेला, नखानं खरवडावा एवढा, आणि आपट्याची वाळून चुरा झालेली पानं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. एवढी वर्षं, दर वर्षी, माहीत होतं. एका मेलेल्या डब्याला हात जोडलेत, त्याला सोनं दिलंत, आणि मी एसटीनं तासाभराच्या अंतरावर जिवंत बसलो होतो. बाईंकडं जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, उस्ताद. फवारा म्या मारला. याला तोंड लागतं, कुंकू लागत नाही.

मी फडक्याची गाठ पुन्हा मारली. काकीनं विचारलं, "कामाचं हाय का काही?" मी म्हणालो, "हाय."

येताना वाटेतल्या नदीच्या पुलावर थांबून तो पाण्यात फेकणार होतो. पुन्हा पाण्यातच काय घालायचा, असं वाटून तसाच घेऊन आलो. दुकानात फळीवर ठेवलाय. ह्या पत्राला धाडायला पत्ता नाही, तेव्हा हेही त्याच्याच खाली राहील. दसऱ्याला त्याला कुंकू लावणार नाही, सोनं देणार नाही, हे पक्कं. काल त्यावरची धूळ तेवढी पुसली. कोरड्या फडक्यानं.