ओवाळणीतलं पिल्लू

१२ एप्रिल, संध्याकाळ

आज आमच्या दुष्काळी भागातल्या वाशीला सुनंदाकडं जाऊन आलो. तेव्हापासून मन ठिकाणावर नाही.

भाऊबीजेला मी तिला ओवाळणी म्हणून कुत्र्याचं पिल्लू दिलं. भाऊजी ट्रकवर, पोरगी लातूरला शिकायला. एकट्या बहिणीला सोबत होईल असं वाटलं. तिला विचारलं मात्र नाही. तिनं ओवाळलं, मी पिल्लू ताटात ठेवलं, सगळे हसले, फोटो काढला.

त्यानंतर ती माहेरी आलीच नाही. संक्रांतीला नाही, आई आजारी पडली तेव्हाही नाही. हिला आता माणसं नकोत, असं मीच घरात बोललो. मीच!

आज विचारलं तर म्हणाली, "दादा, ह्याला कुणावर टाकून येऊ? शेजारी कुणी जवळ येत न्हाय. एस.टी.त कसं आणू?"

पिल्लू कसलं, वासराएवढं झालंय. नळाला आठ दिवसांनी पाणी, त्यातलं ह्याला बादली बादली लागतं.

"मी घेऊन जातो," म्हणालो.

"ओवाळणी कुणी परत देतं व्हय? उद्या तुला काय झालं म्हंजे?"

म्हणजे माझ्या जिवापायी ही पाच महिने गप्प राहिली. आणि मी?

घरी येऊन तो फोटो पुन्हा पाहिला. आम्ही सगळे हसतोय. सुनंदा ताट लांब धरून मागं सरलीय.

हाच फोटो मी कौतुकानं सगळ्या पाहुण्यांना पाठवला होता.