कानातली पांढरी बोंडं

वडूज, मंगळवार, संध्याकाळ

ती पांढरी बोंडं कपाटात फेकली. गेली खड्ड्यात!

तोफखान्यात कान गेले, पण बहिऱ्याचं मशीन लावणार नाही हा माझाच हट्ट. म्हणून पोरानं पुण्याहून ही बिनवायरची बोंडं आणली. समोरच्याचं बोलणं मोठं करून ऐकवतात म्हणे. "तात्या, कुणाला कळणारबी न्हाई." फार शहाणा! आणि मी त्याच्याहून.

आज शंकरचं सावडणं होतं. माझा जिवलग. पण ऐकू येत नाही म्हणून वर्षभर मी कुणाकडे गेलो नाही, त्याच्या आजारपणातही नाही. आज तरी बोलणं कळावं म्हणून बोंडं घातली, तर त्याचा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "आवं सुभेदार, आज तरी गाणी बंद करा की!"

गाणी! सगळी गर्दी माझ्या कानांकडे बघायला लागली. मी बहिरा आहे, एवढं सांगायला तोंड उघडेना. पांढरी बोंडं काढून खिशात कोंबली.

परत त्यांच्या घरी आलो, तेव्हा शंकरच्या बायकोनं जवळ येऊन काहीतरी विचारलं. एक अक्षर कळलं नाही. नेहमीसारखी मान हलवली, "व्हय, व्हय."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या.

ही तिथं शेजारीच होती. आत्ता घरी हिनं कानाशी ओरडून सांगितलं, त्यांनी काय विचारलं ते. "भावजी, आजारपणात एकदाबी आला न्हाईसा. ह्यांच्यावर राग हुता का तुमचा?"

मी बहिरा आहे हे कुणाला कळू नये, एवढंच हवं होतं ना मला? नाही कळलं.