सात थांबे, पहिला पाच सेकंदांचा

७ जुलै, सोमवार
पाळकसाहेब सुट्टीवर जाताहेत. २० तारखेचा संदेश मी द्यायचा! आमच्या चर्चमध्ये आजवर मुलीने संदेश दिलेला नाही. चांगला झाला तर चर्चची पंच कमिटी सेमिनरीत पाळकाचं शिक्षण घ्यायला शिफारसपत्र देणार. फॉर्मची शेवटची तारीख २५. म्हणजे झालंच. श्रीरामपूरहून पत्र ठेवायला प्लॅस्टिकची फाइल आणली.

८ जुलै
वचन ठरलं : येशूने सांगितलेली बोधकथा, पेरणाऱ्याचा दाखला. सगळे शेतात राबणारे, लगेच भिडेल. आईला सुरुवात वाचून दाखवली. ती म्हणाली, वाटंवर, दगडावर, काट्यात बी फेकत सुटलेला हा बाबा कोन? पेरायला पाभर नव्हती व्हय त्याच्याकडं? सोयाबीनच्या बियान्याची पिशवी इकत घेऊन बघ म्हनावं. मी सांगितलं, हा दाखला आहे. ती म्हणाली, दाखला असंल, पर मानूस येडाच हाय.
नोंद : आईच्या मतावरून मंडळीचा अंदाज बांधू नये.

११ जुलै, पहाटे ५
संकल्प : रोज पहाटे दोन तास तयारी. (मंगळवारी करायची होती ती सुरुवात आज.) जमिनीचे चार प्रकार, प्रत्येकी तीन मुद्दे, शिवाय ग्रीक शब्द. एकूण एक तास दहा मिनिटं.
५.२० : डोळे मिटून मनन.
८.०० : मनन लांबलं.

१३ जुलै, रविवार
पाळकसाहेबांचा संदेश आज अभ्यासाच्या नजरेने ऐकला. ते कुठे थांबतच नाहीत. कमिटीचे अध्यक्ष सहादेवकाका पहिल्या बाकावर घोरत होते.
दुपारी मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. त्यात म्हटलंय, संदेशाची खरी ताकद शब्दांत नसते, थांबण्यात असते. प्रश्न विचारा आणि गप्प उभे राहा. माझं आयुष्यच बदललं. कागदावर लाल पेनने सात थांबे टाकले.

१६ जुलै
थांब्यांमुळे वेळ वाढला. म्हणून वाटेवरचं आणि काट्यातलं बी काढून टाकलं. ग्रीकही गेलं. थांबे सातही ठेवले.
पप्पा चर्चमध्ये पेटी वाजवतात, सव्वीस वर्षं झाली. दिवसभर गवंडीकाम आणि रविवारी पेटी. त्यांनी विचारलं, कुठं संपतंय तेवढं सांग, म्हंजी अर्पनाचं गीत धरतो. मी म्हटलं, कळेलच. गेल्या वर्षी एक पाहुणे बोलताबोलता अडकले, तेव्हा पप्पांनी लगेच गीत धरून त्यांची अब्रू राखली होती. तसं माझं होणार नाही. थांब्यांचं त्यांना मुद्दामच सांगितलं नाही. इतरांइतकाच परिणाम त्यांच्यावरही व्हायला हवा.

१९ जुलै
सगळं पाठ. पप्पा कामावरून लवकर आले. पेटीच्या पट्ट्या फडक्याने एकेक करून पुसत होते. उद्या माझ्या पोरीचा संदेश हाय, म्हणून गल्लीभर सांगून झालंय.

२० जुलै, रविवार, दुपारी २
उभी राहिले. पेरणारा पेरायला निघाला, एवढं सांगितलं. मग प्रश्न : तुमच्या मनाची जमीन कशी आहे?
थांबले. एक. दोन. सहादेवकाका जागे झाले. तीन. आईनेसुद्धा पदर तोंडाला लावला. चार. अख्खं चर्च माझ्याकडे बघत होतं. असं कधी झालं नव्हतं.
पाचला पेटी वाजली.
सगळे उभे राहून गायला लागले. अर्पणाच्या थैल्या फिरल्या. थैल्या फिरायला लागल्यावर संदेशाकडे परत येता येत नाही. माझं तोंड उघडंच होतं, म्हणून मीही गायले.
दाराशी कल्याणदादा म्हणाले, असला संदेश जन्मात ऐकला न्हाई. आता दर रविवारी तूच देत जा, घरी मटन करपत न्हाई.

संध्याकाळी ६
पंचांचा निरोप आला. मुलगी हुशार, पण ऐनवेळी अडकते. वर्षभर रविवारची शाळा घेऊ दे, मग पत्राचं बघू.
लाल खुणांचा कागद घेतला. सहादेवकाकांना दाखवणार होते, की अडकले नव्हते, थांबले होते. चूक कोणाची, तेही कळलं असतं.
पप्पा ओट्यावर बसले होते. मला बघून हळूच म्हणाले, लई भ्यालो बग. तू गप झाली. म्हनलं, आता हसत्यात माझ्या पोरीला. बरं झालं, मी हुतो. तुला राग न्हाई ना आला, बाई?
कागद ओढणीखाली धरला. म्हटलं, नाही पप्पा. पुढचं विसरलेच होते.

२५ जुलै
रविवारच्या शाळेची हजेरी प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवली. बरोबर मापाची आहे. तेरा मुलं. परवाचा धडा : पेरणारा.
पप्पांनी विचारलं, पेटी आनू का?